'आपण जिंकलो' म्हणजे कोण?

अभिमान हा शब्द मराठीत मोठ्या चमत्कारिक रीतीने नांदतो. देशाभिमान, भाषाभिमान, कुलाभिमान हे समास आपण गौरवाने उच्चारतो. आणि देहाभिमान टाकावयाचा असतो असे सांगणाऱ्या संतांपुढेही तितक्याच भक्तीने मान लववतो. एकाच शब्दाला एके ठिकाणी सद्गुणाचे आसन आणि दुसऱ्या ठिकाणी बंधनाची बेडी. वेदान्ताच्या परिभाषेत अभिमान म्हणजे केवळ गर्व नव्हे. जी वस्तू वस्तुतः 'मी' नाही तिला 'मी' म्हणून कवटाळणे ही त्यातील मूळ कल्पना आहे. गर्व हा त्या कवटाळण्याचा पुढचा परिणाम.

इंग्रजीत ज्याला 'स्कूल स्पिरिट' म्हणतात त्याला मराठी प्रतिशब्द शोधू लागले की शालाभिमान हाच शब्द हाती येतो. मूळ शब्दात चैतन्य आहे, आत्मा आहे. आपल्या प्रतिशब्दात अहंतेची छाया आहे. भाषांतरकाराला ही अडचण वाटेल. मला ती सोय वाटते, कारण ज्या गोष्टीचा विचार करावयाचा तिच्याविषयीची शंका शब्दातच दडलेली आहे. हजार मुले एका छपराखाली बसून आपल्या शाळेच्या पाच खेळाडूंसाठी घसा फोडतात आणि घरी जाताना 'आपण जिंकलो' असे म्हणतात, तेव्हा त्यांचा 'मी' विस्तारलेला असतो की नुसता फुगलेला असतो?

अशा प्रश्नाला एखादे ठरावीक स्थळ असलेले बरे, नाहीतर विचार हवेत तरंगत राहतो. मी अमेरिकेतील कॅथलिक मुलांच्या हायस्कुलांचा हिवाळा निवडला आहे. एक तर हा शालाभिमान तेथे जितक्या धगीने पेटतो तितका क्वचितच कोठे पेटत असेल. दुसरे असे की, या शाळा आपल्याला वाटतात तितक्या दूरच्या नाहीत. आयर्लंडमधील वॉटरफर्ड गावी एडमंड राइस या व्यापाऱ्याने १८०२ साली गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि त्यातून ख्रिश्चन ब्रदर्स हा शिक्षकसंघ उभा राहिला. या संघाने न्यूयॉर्कमध्ये शाळा चालविल्या आणि आपल्याकडेही चालविल्या. दिल्लीची सेंट कोलंबा, शिलाँगची सेंट एडमंड्स ही त्यांचीच अपत्ये. बदलीच्या नोकरीत दिल्लीला किंवा आसामच्या बाजूला आलेल्या कित्येक मराठी कुटुंबांतील मुलांनी या ब्रदरांच्या हाताखाली गणित घोटले आहे आणि मैदानावर आरोळ्याही ठोकल्या आहेत.

आता हिवाळ्याविषयी. अमेरिकन शाळेचे खेळांचे वर्ष ऋतूंप्रमाणे वाटलेले असते. शरदात फुटबॉल, वसंतात बेसबॉल, आणि मधल्या बर्फाच्या महिन्यांत बास्केटबॉल, कुस्ती, पोहणे, उत्तरेकडे बर्फावरची हॉकी. बास्केटबॉल तर हिवाळ्याची पोकळी भरण्यासाठीच मुद्दाम रचलेला खेळ. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे, यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या प्रशिक्षणशाळेत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि वर्गातील अठरा विद्यार्थ्यांचे दोन तट पाडले. संस्था प्रॉटेस्टंट होती. पण पुढे हा खेळ शहरी कॅथलिक वस्त्यांनी असा उचलला की जणू तो त्यांच्यासाठीच निघाला होता. मोठ्या मैदानाची गरज नाही, खर्च थोडा, आणि चर्चच्या तळघरातही खेळता येतो.

हिवाळ्याचा खेळ छपराखालचा असतो, ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. मैदानावरची आरोळी वाऱ्याबरोबर निघून जाते. व्यायामशाळेतील आरोळी भिंतींवर आपटून परत येते आणि ओरडणाऱ्याच्याच अंगावर कोसळते. प्रेक्षक रेषेपासून हातभर अंतरावर बसलेले असतात; खेळाडूच्या दंडावरचा घाम त्यांना दिसतो. सकाळी ज्याच्याशेजारी बसून लॅटिनचे धातू घोकले, तोच आता दिव्यांच्या उजेडात शाळेचे नाव छातीवर घेऊन धावत आहे. बाहेर पाचालाच अंधार पडलेला, बर्फ साचलेले, आणि आत सगळी शाळा एका श्वासाने श्वास घेते आहे. सामन्याआधी प्रार्थना होते. दोन्ही शाळा कॅथलिक असल्या तर एकाच ईश्वराकडे, एकाच शब्दांत, परस्परविरुद्ध अर्ज जातात. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला या प्रसंगी परमेश्वराविषयी थोडी सहानुभूती वाटल्यावाचून राहत नाही.

या अभिमानाला इतिहास आहे आणि तो लक्षात न घेता त्याला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधून, नंतर इटली आणि पोलंडमधून आलेला कॅथलिक मजूर अमेरिकेत तुच्छतेचा धनी होता. त्याची निष्ठा पोपशी आहे, तो खरा नागरिक होऊ शकत नाही, असे उघड म्हटले जाई. १८८४ साली बाल्टिमोरच्या धर्मपरिषदेने प्रत्येक पॅरिशला स्वतःची शाळा असावी असे ठरविले ते याच पार्श्वभूमीवर. शाळा ही त्या समाजाची तटबंदी होती. त्या तटबंदीतील मुले जेव्हा सामना जिंकत, तेव्हा त्यांच्या बापांना कारखान्यात दुसऱ्या दिवशी मान वर करून चालता येई. ज्यांना जगाने 'तुम्ही' म्हणून हिणवले त्यांनी 'आपण' म्हणावयास शिकणे ही साधी गोष्ट नव्हे. अशा अभिमानाला अहंकार म्हणणारा माणूस बहुधा स्वतः कधी हिणवला गेलेला नसतो.

बास्केटबॉलकडे वळण्यापूर्वी कुस्तीबद्दल थोडे सांगावेसे वाटते. तिच्याकडे प्रेक्षक कमी जातात, पण विचाराला खाद्य तिच्यातच अधिक आहे. तेथील शालेय कुस्ती वजनगटांनुसार होते आणि प्रत्येक लढतीचे गुण संघाच्या खात्यात जमा होतात. प्रतिस्पर्ध्याला चीत केले तर संघाला सहा गुण. केवळ सरसपणाने जिंकले तर तीन. आता यातली मौज पाहा. आपल्या शाळेचा एखादा किरकोळ मुलगा राज्यातील नावाजलेल्या मल्लासमोर उभा राहतो. तो हरणार हे त्याला, त्याच्या प्रशिक्षकाला आणि सज्जात बसलेल्या त्याच्या आईला ठाऊक आहे. त्याच्यापुढे काम एकच: दोन दोन मिनिटांचे तीन डाव खांदे टेकू द्यावयाचे नाहीत. तो सहा मिनिटे गादीवर पिळून निघतो, हरतो, आणि संघाचे तीन गुण वाचवून परत येतो. शेवटी संघ दोन गुणांनी जिंकला तर तो त्या हरलेल्या मुलाने जिंकून दिलेला असतो. आपल्या लाल मातीत निकाली कुस्तीला मान. पाठ लागली की विषय संपला. तिची शान वेगळी आहे आणि कोल्हापूरच्या माणसासमोर तिच्याविरुद्ध बोलण्याची माझी इच्छा नाही. पण पूर्ण न हरण्यालाही किंमत देणारे हे गणित एका नैतिक सत्याच्या फार जवळ जाते. संस्थेतील बहुतेक माणसांच्या वाट्याला जिंकणे येतच नाही. त्यांच्या वाट्याला खांदे न टेकू देणे येते.

ख्रिस्ती धर्मग्रंथांत पॉलने करिंथच्या मंडळीला लिहिलेले पत्र आहे. त्यात त्याने धावण्याच्या शर्यतीचा आणि मुष्टियुद्धाचा दृष्टान्त वापरला आहे; कॅथलिक शाळांतील क्रीडाशिक्षकांना तो भाग फार प्रिय. पण त्याच पत्रात पुढे मंडळी म्हणजे एक शरीर अशी उपमा येते आणि तिच्यात एक अनपेक्षित वळण आहे. शरीराचे जे अवयव दुबळे वाटतात तेच अधिक आवश्यक, आणि ज्यांना कमी मान त्यांना अधिक मानाने वागविले पाहिजे, असा त्याचा आशय. समाजाला शरीराची उपमा आपल्याकडेही फार प्राचीन आहे. आपल्या परंपरेने तिच्यातून पायांच्या वाट्याला काय दिले हे वाचकांना सांगावयास नको. असो. मुद्दा असा की, या शाळांच्या शालाभिमानाला बाहेरून मापदंड आणण्याची गरज नाही. त्यांच्याच धर्मपुस्तकात तो ठेवलेला आहे: 'आपण' या शरीरात सगळ्यात कमी मान असलेल्या मुलाला कसे वागविले जाते? त्याचबरोबर मला आणखी एक पोटप्रश्न जोडावासा वाटतो. सगळ्यात जास्त उपयोगाच्या मुलाला कसे वागविले जाते? कारण दुबळ्याची उपेक्षा होते हे सर्वांना दिसते, पण बलवानाचा वापर होतो हे जयजयकारात ऐकू येत नाही.

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या पश्चिम भागात, एकसष्टाव्या रस्त्यावर, पॉवर मेमोरियल अकॅडमी नावाची मुलांची शाळा होती. ख्रिश्चन ब्रदर्सनी ती १९३१ साली काढलेली. साठीच्या दशकाच्या आरंभी तेथे लू अल्सिंडर नावाचा एक कृष्णवर्णीय कॅथलिक मुलगा शिकत होता. बाप वाहतूक पोलिसात, संगीताचा मोठा शौकीन. मुलगा अबोल, पुस्तकांत रमणारा, आणि उंचीने सात फुटांच्या घरात. या मुलाच्या जोरावर शाळेने सलग एकाहत्तर सामने जिंकले. पुढे हाच मुलगा करीम अब्दुल-जब्बार या नावाने व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये ३८,३८७ गुणांचा विक्रम करून गेला, जो २०२३ सालापर्यंत अबाधित राहिला.

त्याचा प्रशिक्षक जॅक डोनोह्यू हा वाईट माणूस नव्हता. वर्तमानपत्रांच्या बातमीदारांना आणि महाविद्यालयांच्या दलालांना त्याने या मुलाच्या आसपास फिरकू दिले नाही. सोळा-सतरा वर्षांच्या पोराचे बालपण त्याने जमेल तितके राखले. मुलाचाही त्याच्यावर विश्वास होता. आणि तरीही एका सामन्याच्या मध्यंतरात, संघ ढिला खेळत होता म्हणून, त्याने त्या मुलाकडे बोट दाखवून त्याच्या आळसाला असे एक नाव दिले, जे गुलामगिरीच्या काळापासून काळ्या माणसाला हिणविण्यासाठी वापरले जात आले आहे. संघ उत्तरार्धात चवताळून खेळला आणि जिंकला. सामन्यानंतर आपली युक्ती कशी लागू पडली याचेच प्रशिक्षकाला समाधान होते. ही हकीकत अब्दुल-जब्बारने १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात लिहिली आहे. पुढे अनेक वर्षांनी दोघांचा समेट झाला. पण तो घाव किती खोल गेला हे त्याने कधी लपविले नाही.

हा प्रसंग वाचल्यावर वर्णद्वेष म्हणून त्याच्यावर शिक्का मारणे सोपे आहे, आणि शिक्का खोटाही ठरणार नाही. परंतु तेवढ्याने विचार संपत नाही. प्रशिक्षकाने तो शब्द द्वेषाने उच्चारला नव्हता असे धरून चालू. त्याने तो शाळेसाठी, संघासाठी, किंबहुना त्या मुलाच्या भल्यासाठी उच्चारला असेही मान्य करू. तरी प्रश्न उरतो, आणि माझ्या मते तो अधिकच बोचरा होतो. हा शब्द लागू पडला तो का? रस्त्यावरच्या एखाद्या परक्या गोऱ्याने तो उच्चारला असता तर मुलाला संताप आला असता, त्याहून अधिक काही नाही. प्रशिक्षकाच्या तोंडून तो आला तेव्हा त्याला एक गोष्ट कळली: ज्या 'आपण'मध्ये आपण घरातल्यासारखे वावरत होतो, ते घर भाड्याचे होते. भाडे गुणांच्या रूपाने दर सामन्याला भरावयाचे, आणि एखाद्या रात्री थकले की मालक दारावर थाप मारून आपल्याला आपली मूळ जागा दाखवून देणार. त्या शब्दाची सगळी शक्ती मुलाच्या शालाभिमानातूनच आलेली होती. ज्याचे शाळेवर प्रेमच नाही त्याला अशा रीतीने चाबूक मारता येत नाही.

निष्ठेवर चाबूक चालतो, ही गोष्ट प्रत्येक संस्थाचालकाला ठाऊक असते. नीतीचा प्रश्न तो चालवावा की नाही हा आहे.

आपल्याकडे याचे अगदी जवळचे उदाहरण आहे आणि ते मराठी वाचकाने विसरू नये. पालवणकर बाळू हा चर्मकार समाजातला मुलगा पुण्याला गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टी राखता राखता डावखुरा गोलंदाज झाला. युरोपियनांना हरवावयाचे तर हा गोलंदाज हवाच, म्हणून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्याला संघात घेतले. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हातात घेत; चहा मात्र त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. मुंबईच्या सामन्यांत वर्षानुवर्षे हिंदू संघाचा तो आधार होता. पण कर्णधारपदाचा विषय निघाला की त्याचे नाव वगळले जाई. तो मान अखेर १९२३ साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाला. जिंकल्यावर 'आपण हिंदू जिंकलो' असे म्हणणाऱ्या हजारो प्रेक्षकांपैकी कितीजणांना त्या मातीच्या भांड्याची आठवण झाली असेल? आणि गंमत, गंमत म्हणावी काय, अशी की इकडे तो हिंदू समाज आणि तिकडे ते आयरिश कॅथलिक, दोघेही परक्यांच्या तुच्छतेखाली भाजून निघालेले. आपल्याला हिणवले गेल्याने हिणविण्याची लाज उपजतेच असे नाही. पुष्कळदा फक्त कसब अंगी येते.

येथे कोणी म्हणेल, मग हा सगळा अभिमानाचा व्यापारच बंद करा. मुलांनी खेळावे, घाम गाळावा, घरी जावे. मला हे पटत नाही. हार्वर्डचा तत्त्वज्ञ जोसाया रॉइस याने १९०८ साली निष्ठेवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला आणि त्याच वर्षी शारीरिक शिक्षण व नैतिक शिक्षण यांच्या संबंधावरचा त्याचा एक निबंधही पुस्तकरूपाने आला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: माणसाला स्वतःपेक्षा मोठे असे काहीतरी सापडल्यावाचून त्याला 'स्व' सापडतच नाही, पण निष्ठा चांगली की वाईट हे तिने जगातील एकंदर निष्ठेत भर घातली की तिचा नाश केला यावरून ठरवावे. शत्रूच्या निष्ठेचाही मान राखते ती खरी निष्ठा. हे माप मला उपयोगी वाटते. सज्जात बसून ओरडणाऱ्या मुलाने स्वतः काही केलेले नसते हे खरे. त्याचे 'आपण' उसनेच असते. पण बारा-तेरा वर्षांच्या पोराला दुसऱ्याच्या धडपडीने आपला ऊर धडधडू लागल्याचा पहिला अनुभव कोठेतरी यावाच लागतो. एकदम सगळ्या मानवजातीवर प्रेम करावयास शिकविणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. तेथली मुले शेजारच्या बाकावरच्या मुलाला पेन्सिल देत नाहीत.

रॉइसचे माप लावून पाहावे असा प्रसंग याच पॉवर मेमोरियलच्या इतिहासात आहे. मेरीलँड राज्यात हायट्सव्हिल येथे डीमॅथा नावाची मुलांची कॅथलिक शाळा आहे. ट्रिनिटेरियन संघाने ती १९४६ साली काढली. या संघाचा संस्थापक जॉन ऑफ मॅथा. ११९८ साली पोपने मान्यता दिलेल्या त्याच्या संघाचे मूळ कार्य होते बंदिवानांना दंड भरून सोडवून आणणे. शाळेचा प्रशिक्षक मॉर्गन वूटन हा इतिहासही शिकवीत असे. ईश्वर, कुटुंब, अभ्यास आणि मग बास्केटबॉल, असा क्रम तो मुलांना घालून देई. असे क्रम पुष्कळजण सांगतात. पण वूटनच्या बाबतीत एक गोष्ट नोंदली गेली आहे. जवळजवळ तीन दशके त्याच्या संघातील शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला, म्हणजे बाकावर बसून राहणाऱ्यालासुद्धा, महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळत गेली. शरीराच्या दुबळ्या अवयवाला मान देण्याचा याहून रोकडा पुरावा मला माहीत नाही.

१९६४ साली डीमॅथा पॉवर मेमोरियलकडून तीन गुणांनी हरली. पुढच्या सामन्याची तयारी करताना वूटनपुढे अडचण होती ती अल्सिंडरच्या उंच उठणाऱ्या हाताची; त्याच्या डोक्यावरून चेंडू टोपलीत जाणार कसा? त्याने सरावात आपल्याच एका उंच खेळाडूच्या हाती टेनिसची रॅकेट दिली आणि ती वर धरून उभे राहावयास सांगितले. मुलांनी रोज त्या रॅकेटवरून चेंडू टाकण्याचा सराव केला. ३० जानेवारी १९६५ रोजी, शनिवारी, मेरीलँड विद्यापीठाच्या कोल फील्ड हाउसमध्ये साडेबारा हजार प्रेक्षकांसमोर सामना झाला. डीमॅथा ४६, पॉवर मेमोरियल ४३. अल्सिंडरला सोळाच गुण करता आले. एकाहत्तर सामन्यांची मालिका त्या रात्री तुटली.

मुलांना चेतविण्याच्या दोन रीती येथे शेजारी शेजारी दिसतात. एकीने मुलाच्या अंगावर एक शब्द फेकला. दुसरीने मुलाच्या पुढे एक रॅकेट धरली. शब्दाने मुलाला लहान केले. रॅकेटने अडथळ्याला मोठे केले आणि मुलाला त्याच्याइतके उंच व्हावयास लावले. त्या रॅकेटमध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी मला फार आवडते: ती प्रतिस्पर्ध्याला वाहिलेली आदरांजली आहे. दुसऱ्या शाळेच्या एका मुलाची थोरवी तुम्ही इतकी गंभीरपणे घेता की तिची हुबेहूब नक्कल करून महिनाभर तिच्याशी झटता. शत्रूची निष्ठा मानणे म्हणजे आणखी काय? दोन्ही प्रशिक्षक एकाच धर्माचे, दोघांच्या संघांनी त्याच प्रार्थना म्हटलेल्या. तेव्हा हा भेद धर्माचा नव्हे, शाळेचाही नव्हे. एकाच माणसाच्या हातून सकाळी रॅकेट धरली जाते आणि संध्याकाळी शब्द निसटतो, असेही घडते. आपल्यापैकी जे कचेऱ्यांत हाताखालची माणसे बाळगतात त्यांना हे वेगळे सांगावयास नको. खात्याच्या अब्रूसाठी म्हणून आपण कारकुनाला कोणत्या शब्दाने चेतवितो, आणि अहवाल वेळेवर वर गेल्यावर 'आमच्या शाखेने' म्हणताना त्या शाखेत त्याला कोठे बसवितो?

बदलीच्या नोकरीतल्या माणसाला शालाभिमानाची आणखी एक बाजू दिसते, जी एका गावात जन्म काढणाऱ्याला दिसत नाही. आपली मुले दर तीन वर्षांनी शाळा बदलतात. वर्षाच्या मध्यावर, हिवाळ्यात, जेव्हा उत्तरेकडच्या शाळांत क्रीडास्पर्धांची धांदल असते, नेमका तेव्हाच नवा मुलगा वर्गात येऊन उभा राहतो. हजेरीपटावर त्याचे नाव चढते आणि त्याला निळ्या किंवा तांबड्या 'हाउस'मध्ये टाकले जाते. आठ दिवसांत तो निळ्यांसाठी असा ओरडू लागतो की जणू सात पिढ्या निळ्या होत्या. हे पाहून पुष्कळ बापांना हसू येते. मला त्यात हसण्यासारखे दिसत नाही. निळा रंग योगायोगाने वाट्याला आला म्हणून ती निष्ठा खोटी ठरत नाही. आपण ज्या घरात, ज्या भाषेत जन्मलो तेही कोणी अर्ज करून मिळविलेले नव्हते. त्या मुलाने आपला घसा उधारीवर दिलेला आहे. खरे पाहावयाचे ते हे की, शर्यती संपल्यावर, मधल्या सुट्टीत, ती निळी मुले त्याला डबा खाताना आपल्या घोळक्यात बसू देतात की नाही. आणि तो धावण्यात पहिला येत असेल तर बसू देतात, शेवटचा येत असेल तर नाही, असे असेल, तर तो निळा रंग एक चिंधी आहे.

आपल्या महाराष्ट्र मंडळांनाही हीच कसोटी लावता येईल. सुनील गावसकरने शतक ठोकले की दिल्लीपासून कलकत्त्यापर्यंत 'आपला' गावसकर म्हणून आपण पेढे वाटीत होतो. त्याच्या शतकात आपला वाटा पेढ्यांपुरता होता, हे कोणाच्या मनात येत नसे, आणि न आले हे ठीकच. पण त्याच संध्याकाळी मंडळाच्या दाराशी एखादा नुकताच आलेला, अडखळत बोलणारा मराठी कारागीर उभा असेल तर 'आपला' हा शब्द त्याच्यापर्यंत किती लवकर पोचत असे, हे ज्याचे त्याने आठवावे. जमाखर्चाची दुसरी बाजू पेढ्याच्या खोक्यावर लिहिलेली नसते.

कोल फील्ड हाउसमध्ये चौदा महिन्यांनी, मार्च १९६६ मध्ये, महाविद्यालयांचा राष्ट्रीय अंतिम सामना झाला. त्यात टेक्सस वेस्टर्न या महाविद्यालयाने पाच काळे खेळाडू घेऊन सुरुवात केली आणि सगळ्या गोऱ्या खेळाडूंच्या केंटकी संघाला हरविले. अल्सिंडर तोवर कॅलिफोर्नियाला शिकावयास गेला होता. १९६८ साली तो मुसलमान झाला आणि १९७१ पासून नव्या नावाने खेळू लागला. वूटन १९५६ पासून २००२ पर्यंत एकाच शाळेत राहिला, महाविद्यालयांची आमंत्रणे नाकारीत, आणि १,२७४ सामने जिंकून निवृत्त झाला. २०२० साली तो वारला. पॉवर मेमोरियल १९८४ साली बंद पडली. तिच्या जागी आता वेगळीच इमारत आहे. ज्या नावाने जयजयकार झाला ते मुलाचे नाव उरले नाही, ज्या शाळेसाठी झाला ती शाळाही उरली नाही. त्या जानेवारीच्या रात्री सज्जात बसून ओरडलेली मुले पंचाहत्तरीच्या पलीकडे गेली आहेत, आणि त्या सामन्याविषयी बोलताना, ती कोणत्याही बाजूची असोत, 'आपण' असेच म्हणत असतील.